भुसारीकाकांची डिजिटल इंजिनं

भुसारीकाका आमच्या घरी आले की बेल वाजवत नाहीत. आधी आमच्या लोखंडी गेटाला मीटर लावतात.

हो, मीटर. बाकीच्या माणसांच्या शर्टाच्या खिशात पेन असतो, चष्मा असतो, फार तर तंबाखूची पुडी असते. काकांच्या खिशात पिवळा मल्टिमीटर असतो आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी बाहेर लोंबत असतात. एक टोक गेटाला, एक जमिनीला, डोळे आकड्यावर. "शून्य" असं स्वतःशीच म्हणून मग ते कडी काढतात. आमच्या गेटात करंट असायचं काही कारण नाही. जबलपूरच्या आमच्या अख्ख्या अधारतालात कुणाच्याच गेटात नाही. पण एका उन्हाळ्यात आमच्या कूलरने त्यांना असा झटका दिला की हातातली बर्फी उडून थेट कूलरच्या मागे गेली. तेव्हापासून आमच्या घरातल्या कुठल्याही लोखंडावर त्यांचा विश्वास नाही.

"वनिता, बॉडीत करंट उतरून राहिला तुमच्या कूलरच्या," ते हात झटकत म्हणाले होते. "मोटर वेगळी पाहिजे, बॉडी वेगळी पाहिजे. आधी वेगळं करा, मग बोला."

"आधी वेगळं करा, मग बोला" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. कोपऱ्यावरच्या शुक्लांकडे सासू-सुनेची रोज जुंपायची. एक दिवस शुक्लाजी कंटाळून काकांकडे येऊन बसले. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "भैया, पहले अलग करो, फिर बात करो." मुलाने खरंच गावाच्या पार दुसऱ्या भागात, रांझीला, खोली घेतली! शुक्लाइनने कुसुमकाकूंशी, म्हणजे आमच्या काकांच्या बायकोशी, कितीतरी दिवस बोलणं टाकलं. आता मात्र तो मुलगा बायकोला घेऊन रविवारी येतो, येताना जिलेबी आणतो, आणि सासू-सुना एकत्र बसून तिसऱ्याच कुणाची तरी निंदा करतात. काका गच्चीवरून बघतात आणि म्हणतात, "पाहा. शॉर्ट बंद."

हे सगळं ज्ञान आलं कुठून, तर आगगाडीतून. खेळण्यातली आगगाडी म्हणून बघा एकदा त्यांच्यासमोर, चहासुद्धा मिळायचा नाही. "मॉडेल" म्हणायचं. काका रांझीच्या फॅक्टरीत होते. नोकरीत असतानाच कधीतरी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं कुटुंब घर आवरून ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. लोक त्यांच्याकडून कपाटं घेत होते, पियानो घेत होते. काकांनी एक पत्र्याची पेटी घेतली. पेटीत रूळ, डबे आणि वीतभर लांबीची तीन इंजिनं. एक काळं, मालगाडीचं. एक हिरवं, मेलचं. एक छोटं, शंटिंगचं. काकू म्हणतात, "मी कपाट आणायला पाठवलं होतं हो यांना."

कपाट नंतर आलं. पण ते ज्या मागच्या खोलीत आलं, त्याच खोलीत काकांनी प्लायवूडचं एवढं मोठं टेबल ठोकलं, की काकूंना चांगली साडी काढायची असली तर टेबलाखालून रांगत पलीकडे जावं लागतं. लग्नाकार्याला जाताना ही बाई आधी रांगते, मग नटते. टेबलावर जबलपूर आहे, बोगदा आहे, आणि हिरव्या भुशाच्या जंगलात कुंडम नावाचं स्टेशन आहे. कुंडमला रेल्वे जात नाही, हे मी एकदा बोलले. "सरकारची जात नाही," काका म्हणाले. "माझी जाते."

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे काकांना कळलं तो दिवस मला चांगला भोवला. त्यांना हक्काची विद्यार्थिनी मिळाली. इंजिनं डिजिटल करायचं त्यांच्या मनात आलं तेव्हा पहिलं व्याख्यान माझ्याच ओसरीवर झालं.

"तुम्ही वर्गात जाऊन 'उभे राहा' म्हटलं तर काय होते?"

"सगळे उभे राहतात."

"ही जुनी पद्धत. रुळात करंट सोडला की रुळावरचं झाडून सगळं इंजिन पळते. आता हजेरीचा नंबर पुकारला तर?"

"ज्याचा नंबर तोच उठतो."

"हे डिजिटल! रुळात करंट सदाचा. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर. त्याला त्याचा नंबर पाठ. इकडून नंबर दाबला की तेच हलते, बाकीचे चूप. समजलं?"

समजलं होतं. माझ्या आठवीच्या पोरांना नंबर पुकारूनही समजत नाही, पण ती वेगळी गोष्ट.

अडचण जुन्या इंजिनांची होती. त्यांच्यात एका बाजूच्या चाकांतून येणारा करंट सरळ लोखंडी बॉडीतूनच मोटरला जातो, आमच्या कूलरसारखा. जुन्या करंटवर ते खपून गेलं. पण मोटर बॉडीला चिकटलेली ठेवून डिकोडर लावला, तर डिकोडर त्याच क्षणी जळतो. हे काकांना कसं कळलं? एक जाळून कळलं. मी आणि काकू स्वयंपाकघरात होतो. काकू वास घेत म्हणाल्या, "अगं बाई, शेजारी कुणी काय जाळून राहिलं?" शेजारी कुणी नव्हतं. काका मागच्या खोलीत इंजिनाकडे बघत बसले होते, आणि इंजिनाच्या चिमणीतून धूर निघत होता. खऱ्या इंजिनासारखा! मला हसू आवरेना. काका म्हणाले, "हसा. ज्याने जाळला नाही, तो शिकला नाही."

मग सुरू झालं वेगळं करणं. मोटरच्या ज्या भागाला बॉडीचा स्पर्श होतो तिथे काहीतरी पातळ, पक्कं, करंट न जाणारं लावायचं होतं. काकांच्या शोधात ते निघालं नेलपॉलिश. गेले मेनरोडवर बांगड्यांच्या दुकानात, मीटर खिशात, आणि म्हणाले, "भैया, नेलपॉलिश देना. रंग नहीं चाहिए, पक्की चाहिए." दुकानदाराने त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं. "किसके लिए, दादाजी?" "मोटर के लिए." दुकानदाराने बाटली दिली, पण त्यानंतर काकू बांगड्या भरायला गेल्या तेव्हा त्याने हळूच विचारलं, "दादाजी की तबियत तो ठीक है ना?" पुढच्या बाटल्या मला आणायला लागल्या.

पोटात डिकोडरला जागा करायला इंजिनातलं वजनासाठी भरलेलं शिसं कानशीने घासलं. शिसं कमी झालं म्हणून चाकं घसरायला लागली. म्हणून दुसरीकडे शिसं भरलं. दोन्ही बाजूंना वजन सारखं पाहिजे म्हणून काका इंजिन फडक्यात गुंडाळून सराफ्यात गेले आणि सोनाराच्या काट्यावर तोलून आले. सोनार ओळखीचा होता, म्हणून बरं.

आणि हा सगळा खटाटोप कुणासमोर मिरवायचा होता, तर नागपूरच्या घाट्यांसमोर. नागपूरला या छंदातल्या लोकांचं एक मंडळ आहे, घाटे त्यातले मुख्य. फोनवर ते काकांना म्हणाले होते, "भुसारीसाहेब, त्या मोटरा म्हाताऱ्या आहेत. डिजिटल होतीलही, पण घुरघुर जाणार नाही. जबलपूरला बसून हे काम व्हायचं नाही, इकडे पाठवून द्या."

जबलपूरला बसून! राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून नागपूरची माणसं आमच्याशी असं बोलतात, जसं काही आम्ही त्यांचं प्लॅटफॉर्मवर विसरलेलं सामान. आमची मराठी ऐकून हसतात ते वेगळंच. काकांचा चेहरा लाल झाला. "दिवाळीनंतर या तुमच्या मंडळींना घेऊन," ते फोनमध्ये ओरडले. "खोलीत टाचणी पडली तर तिचा आवाज येईल, इंजिनाचा येणार नाही. नाही जमलं तर नाव बदलून टाकीन!"

आता मला तुम्हाला दादांबद्दल सांगितलं पाहिजे.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. ते कालपरवापासून नाही, फार आधीपासून काकांकडेच राहतात. बायको गेली, मूलबाळ नाही. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. तिथे बसून कानाला फोन लावायचा, स्टेशनास्टेशनांवरून येणारी खबर ऐकायची आणि कोणती गाडी सोडायची, कोणती थांबवायची ते सांगायचं. गाडी डोळ्यांनी दिसायचीच नाही. पुढे काचबिंदूने दादांचे डोळे पार गेले, तेव्हा भेटायला येणारे तोंड पाडून बसायचे. दादाच त्यांची समजूत घालायचे. "अहो, जन्मभर गाड्या न बघताच चालवल्या मी. आता डोळे गेले तर गाड्यांचं काय अडलं?"

रोज दुपारच्या चहानंतर दादा टेबलाशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि काकांच्या गाड्या चालवायचे. म्हणजे हुकूम दादांचा, हात काकांचा. घरात इतर वेळी काका कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्या खोलीत मात्र "हो दादा, सोडली दादा" चालायचं. दादा नुसत्या आवाजावर ओळखत. काळं इंजिन जात्यासारखं घरघरायचं, हिरवं बारीक आवाजात कुईकुई करायचं, छोटं शिलाई मशीनसारखं टकटकायचं. "काळी चढावर लागली, मनोहर. रडून राहिली. एक डबा काढ तिचा." काका डबा काढायचे. "मेलला आधी जाऊ दे. अन् ते छोटं काहून उभं आहे? झोपलं का?" त्या एका तासात दादांना डोळे असायचे. मी हे कितीदा बघितलं आहे आणि दर वेळी मला गलबलून आलं आहे.

डिजिटलचं काम निघालं तसं टेबल उचकटलं गेलं. सगळे रूळ काढून खाली कॉर्कच्या पट्ट्या टाकायच्या होत्या, म्हणजे चाकांचाही आवाज नको. दादा रोज विचारायचे, "लाइन केव्हा मिळेल?" काका म्हणायचे, "ब्लॉक चालू आहे, दादा." रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात त्याला रेल्वेवाले ब्लॉक म्हणतात. दादांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ब्लॉक दिलेले. ते मान हलवून उठायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, ब्लॉक उठेना.

दसऱ्यानंतर काम संपलं. मला बोलावणं आलं. काकू दारात चहा घेऊन उभ्या, दादा खुर्चीत पुढे सरकून बसलेले. काकांनी बटणं दाबली, आणि काय सांगू, तिन्ही इंजिनं तीन वेगवेगळ्या वाटांनी निघाली. एक चाललं, एक थांबलं, एक मागे आलं. लोण्यातून सुरी फिरावी तशी. आवाज? नावाला नाही. काका माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवत होते. मी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"मनोहर," दादा म्हणाले, "सोड ना आता गाडी. केव्हाचा बसून राहिलो."

माझे हात तसेच राहिले. काळं इंजिन दादांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून, सगळे डबे घेऊन, मुकाट चाललं होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. काका कंट्रोलर धरून उभे होते.

"वायर ढिली आहे, दादा," ते शेवटी म्हणाले. "आज नाही."

"अच्छा. चलो, उद्या," दादा म्हणाले, आणि चाचपडत चहाचा कप शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या ओसरीवर येऊन बसले. माझा चहा त्यांना कधी आवडत नाही, त्या दिवशी नावं न ठेवता प्यायले. मग म्हणाले, "सहा महिने लागून मी माझ्या भावाला त्याच्याच खोलीतून बाहेर काढलं. मला सुचलंच नाही गं. आवाज घालवायचा, घालवायचा, एवढंच डोक्यात." एवढा मोठा माणूस, पण डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला. मी म्हटलं, "मग टाका ना उखडून ते डिकोडर. जुनं होतं तसं करा."

"मागे नाही जायचं," काका म्हणाले. हट्टीपणा तिथेही होताच.

पण त्यांनी वाट काढली. डिकोडर मोटरला करंट सलग देत नाही, थेंबाथेंबाने देतो. थेंब फार बारीक असले की मोटरला पत्ता लागत नाही, ती चूप चालते. थेंब जाड केले की प्रत्येक थेंबाला ती कुरकुरते. आणि थेंब किती जाड, हे बटणं दाबून ठरवता येतं. दुपारी दादा झोपले की काका एकेका इंजिनाचा जुना आवाज शोधायला बसायचे. परीक्षा काकूंची. या गाड्यांना उभा जन्म शिव्या घातलेली बाई दारात भाजी निवडत म्हणायची, "अंहं. काळी आणखी खालच्या आवाजात रडायची." काका आकडा बदलायचे. "आता?" "आता आली जरा." हिरव्याची कुईकुई साधायला सगळ्यांत वेळ लागला.

मग एका दुपारी गाडी सुटली आणि दादांची मान एकदम वर झाली. "ब्लॉक उठला वाटते," ते म्हणाले. "काळी आहे. मनोहर, तिला जरा थांबव, मेल येऊन राहिली मागून." काकू पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मी पण.

गोष्ट इथे संपली असती, पण नागपूरवाले यायचे होते. आणि दादांना ते ठाऊक होतं. "त्यांच्यासमोर कंट्रोल मी करणार," दादांनी जाहीर केलं. "कुसुम, माझा निळा शर्ट इस्त्रीला दे."

मला वाटलं, सोपं आहे. मी काकांना म्हटलं, "त्या दुपारी दादांना आमच्याकडे घेऊन जाते. पोहे करते, गप्पा मारते. तुम्ही बटणं दाबून इंजिनं चूप करा, घाट्यांना दाखवा, त्यांचं तोंड बंद करा. ते गेले की परत आवाज सोडा."

काका माझ्यावर असे भडकले! "दादाला शेजारी बसवून दादाच्या गाड्या चालवू? लाज नाही वाटत सुचवायला?" आणि मग थोड्या वेळाने, अगदी हळू: "पण वनिता, हसतील गं ते. मी जमवलं आहे. माझ्याइतकं चूप इंजिन त्यांच्या एकाकडे नसेल. अन् मी ते दाखवायचंच नाही?"

"मग काय करणार?"

"माहीत नाही. दोन्ही आकडे पाठ आहेत. पाहू."

रविवारी घाटे आले, बरोबर मंडळाचे दोघे. काकूंनी साबुदाणा वडे केले होते. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. निळ्या शर्टात दादा खुर्चीत ताठ बसले होते, केस पाणी लावून बसवलेले. घाट्यांनी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. "चला, भुसारीसाहेब. टाचणी आणली आहे आम्ही," ते म्हणाले. सगळे हसले.

काका कंट्रोलर हातात घेऊन क्षणभर थांबले. त्यांनी दादांकडे बघितलं. दादांनी कान पुढे केला होता. काकांनी अंगठ्याने बटण दाबलं.

घर्रर्र.

काळं इंजिन जात्यासारखं घरघरत निघालं. मागून हिरव्याची कुईकुई. "काळी सुटली," दादा मोठ्याने म्हणाले. "मेलला सिग्नल दे. छोट्याला डबे लाव, वेळ काहून घालवून राहिला!" काका हुकमासरशी बटणं दाबत होते. पंधरा-वीस मिनिटं दादांनी ती खोली हाताच्या इशाऱ्यांवर नाचवली, आणि एकही गाडी दुसरीला अडली नाही. घाट्यांनी फोन मात्र केव्हाच खिशात ठेवला होता.

निघताना ते व्हरांड्यात काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. गाड्या छान धावतात. पण आवाज राहिलाच, मी म्हटलं होतं ना?"

"हो," काका म्हणाले. "नाही जमलं."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडलं, तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघून कपबश्या गोळा करायला लागले.

घाटे चांगला माणूस असावा. ते थांबून नीट समजावून सांगायला लागले. "एक सेटिंग असतं, साहेब. करंट बारीक तुकड्यांत द्यायचा. तो आकडा वाढवला ना, की मोटर एकदम शांत. करून बघा, अवघड नाही." जन्मभर दुसऱ्याला शिकवत आलेले भुसारीकाका, तो आकडा झोपेतही सांगू शकणारे भुसारीकाका, मान हलवून हलवून ऐकत होते.

"अस्सं होय?" ते म्हणाले. "अच्छा, अच्छा. बघतो करून."

आतून दादांची हाक आली. "मनोहर! मेल सिग्नलला उभी आहे माझी. गेलास कुठे पोस्ट सोडून?"

"आलो दादा!" काका म्हणाले, आणि पाहुण्यांना गेटापर्यंत पोचवायचंही विसरून आत पळाले.